मदत हवी आहे: ओपनएसएसएल ३ आल्यापासून बँकेच्या सर्व्हरशी जोडणी होत नाही

नमस्कार मंडळी,

एका लहान पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. शनिवारी रात्री तो उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला, म्हणजे ओपनएसएसएल (जोडणी सुरक्षित करणारी लायब्ररी) १.१.१ जाऊन ३.०.२ आलं. सोमवारी पावणेअकराला कॅशियर ताईंचा फोन आला, एकही आरटीजीएस जात नाही. एक आजोबा मुलीच्या ऑपरेशनचे पैसे पाठवायला दार उघडल्यापासून बाकावर बसून होते.

व्यवहारांची फाइल बँकेला कर्ल या कमांडने जाते. आधी बँकेने दिलेली पी१२ फाइलच (सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली असलेली) उघडेना, पासवर्ड बरोबर असूनही. लॉगमध्ये 'आरसी२-४०-सीबीसी' (जुनं, कमकुवत एन्क्रिप्शन) आणि 'अनसपोर्टेड'. ते सुटलं: 'लेगसी' पर्याय देऊन उघडली, एईएस-२५६ या आजच्या एन्क्रिप्शनमध्ये पुन्हा बांधली.

आता अडलंय ते 'अनसेफ लेगसी रिनिगोशिएशन डिसेबल्ड' वर, म्हणजे चालू जोडणीत सुरक्षेच्या अटी पुन्हा ठरवायची जुनी, असुरक्षित पद्धत बंद आहे. टीएलएसमधलं (जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) हे भोक २००९ मध्ये सापडलं, २०१० मध्ये आरएफसी ५७४६ या इंटरनेट मानकाने बुजवलं. बँकेकडचा सर्व्हर अजून ते पाळत नाही. १.१.१ चालवून घ्यायचं, ३ घेत नाही, आणि माझ्या मते ३ चंच बरोबर आहे.

एकाने सांगितलं, जुनी १.१ लायब्ररी परत टाक. तिचा सार्वजनिक सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपलाय. लोकांच्या ठेवींच्या मशीनवर मला ती नको.

म्हणून ही जुनी जोडणी चालवून घेणारी वेगळी कॉन्फिग फाइल केली, 'ओपनएसएसएल_कॉन्फ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून तिचा पत्ता दिला. त्यासाठीचा 'अनसेफलेगसीसर्व्हरकनेक्ट' हा पर्याय ३.०.४ पासून चालतो, म्हणून ३.०.२ वर 'अनसेफलेगसीरिनिगोशिएशन' लिहावं लागलं. टर्मिनलवर जोडणी होते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) मात्र तीच एरर. काय राहतंय?

उत्तर:
तुम्ही ते व्हेरिएबल बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) टाकलं असणार. क्रॉन ती फाइल वाचत नाही. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) डोक्यावरही टाकू नका, तिथली सगळी कामं सैल होतील. स्क्रिप्टमध्ये कर्लच्या त्याच ओळीत, कर्लच्या आधी लिहा, पूर्ण पत्त्यासह. सर्टिफिकेटची तपासणी यात बंद होत नाही, तरी ही सूट कायमची ठेवू नका. बँकेला आरएफसीचा नंबर देऊन लेखी कळवा.

धागाकर्ता:
बॅशआरसीतच होतं! एक वीसला पहिली फाइल गेली. आजोबांचा यूटीआर (व्यवहाराचा ओळख) नंबर ताईंनी कागदावर लिहून हातात दिला. मनापासून आभार. बँकेचं पत्र आज मॅनेजर साहेबांच्या सहीने जातंय.