शब्दचर्चा: भ्रूण, गर्भ, जीव, आणि क्लोनला काय म्हणायचं?

मी नागपूरची. वहिनीचं आयव्हीएफ झालं, म्हणजे बीजांडाचं फलन (पुरुषबीजाशी मिलन) शरीराबाहेर, नळीत केलं. मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि त्यातूनच झालेले दोन एम्ब्रियो, म्हणजे वाढीला लागलेले इवले जीव, अजून गोठवून ठेवलेत. ते पुढे ठेवायचे की नाही याचा फॉर्म आला, सगळा इंग्रजीत, आई म्हणाली मराठीत सांग काय लिहिलंय, आणि मी अडकलेच. भ्रूण म्हटलं की तिला स्त्रीभ्रूणहत्येच्या पाट्या आठवतात, गर्भ म्हणावं तर पोटात काहीच नाही, आणि दवाखान्यातल्या सिस्टर फोनवर सरळ म्हणाल्या "तुमची दोन बाळं आहेत आमच्याकडे", त्या रात्री वहिनी झोपली नाही.

मग मी कायदा वाचला. गर्भलिंग तपासणीच्या १९९४ च्या कायद्यात फलनापासून ५६ दिवसांपर्यंत एम्ब्रियो आणि ५७ व्या दिवसापासून जन्मापर्यंत फीटस. सोनोग्राफीत लिंग कळतं ते साधारण १२ आठवड्यांच्या पुढे, म्हणजे आपण जिला भ्रूणहत्या म्हणतो त्यात कायद्याने भ्रूण नसतोच, गर्भ असतो! एकच शब्द आपण दोघांना वापरून राहिलो आणि काचेच्या नळीतल्या त्या ठिपक्यावर हत्येचं ओझं टाकून राहिलो.

आणि क्लोनचं, म्हणजे एकाच जिवाच्या पेशीपासून केलेल्या तशाच दुसऱ्या जिवाचं काय? १९९६ ची डॉली मेंढी आठवा. बीजांडातलं केंद्रक (जनुकं असतात तो भाग) काढून तिथे दुसऱ्या मेंढीच्या स्तनातली पेशी जोडली, २७७ वेळा करून एकच कोकरू जन्मलं. त्यात फलन झालंच नाही, मग ५६ दिवस मोजायचे कुठून? शब्द सुचवा, मनापासून विचारते आहे.

काटोलहून प्रतिसाद:
ताई, क्लोन म्हणजे मुळात ग्रीक भाषेत डहाळी. आपल्या संत्र्याची कलमं क्लोनच आहेत, जंबेरी लिंबाच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) संत्र्याचा डोळा बांधतो, चांगल्या झाडाचा डोळा शंभर जागी गेला तर शंभरही झाडं तेच. त्याहून मोठी गोष्ट जंबेरीच्या बीची. एका बीतून दोन-तीन कोंब निघतात, त्यातला एखादाच परागापासून झालेला, बाकीचे आईचीच नक्कल, फलनाशिवाय आलेले. निसर्ग हे आधीपासून करून राहिला. म्हणून मी म्हणतो 'कलम' म्हणा. पण एक सांगतो, रोपवाटिकेत वेगळं दिसणारं रोप उपटल्या जाते, कारण खुंट एकसारखे पाहिजेत. माणसाच्या क्लोनिंगची मला भीती वाटते ती याचीच.

संस्कृत शिकवणाऱ्या काकूंचा प्रतिसाद:
बेटा, तुझी अडचण जुनी आहे. चरकसंहितेत शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव यांचा संयोग कुशीत, म्हणजे गर्भाशयात, झाला की त्याला गर्भ ही संज्ञा दिली आहे. कुशीत, हे लक्षात घे. त्या हिशोबाने नळीतलं ते गर्भ नाही, तू बरोबर अडकलीस. आणि 'डोहाळे' हा शब्द बघ, परंपरा तो 'द्विहृदय' वरून सांगते, सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होतं म्हणून बाई दोन हृदयांची होते. गर्भोपनिषद तर जीव सातव्या महिन्यात आणतं. आपल्याकडे तरी कुठे एकमत होतं! बायका मात्र दिवस गेले की लगेच 'दोन जिवांची' म्हणतात, आणि आधीपासून जपतात.

बायोटेकच्या विद्यार्थ्याचा प्रतिसाद:
१४ दिवसांचा मुद्दा राहिला. ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सांगितलं की प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवू नका, कारण त्या सुमाराला पाठीच्या कण्याची दिशा ठरवणारी पहिली रेघ उमटते आणि त्यानंतर जुळं होत नाही. भारताच्या २०१७ च्या स्टेम सेल (मूळ पेशी) संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ही मर्यादा आहे, आणि क्लोनिंग करून मूल जन्माला घालायला बंदीच आहे.

माझं उत्तर:
दादा, कलम मला पटत नाही, राग मानू नका. कलम आपण आपल्या कामासाठी बांधतो, झाड कुणाच्या तरी मालकीचं असतं. उद्या कुणी माणूस असा जन्मलाच तर तो कुणाची प्रत किंवा कुणाचा स्पेअर पार्ट नसेल, फार तर उशिरा जन्मलेलं जुळं असेल, आणि जुळ्यांना आपण नकला म्हणत नाही. बारशाला दोन नावं ठेवतो.

गोठवलेल्यासाठी मात्र तुमच्याच शेतातून शब्द सापडला, अंकुर. बीलाही फुटतो, डहाळीलाही, म्हणून फलन झालं की नाही हा प्रश्नच येत नाही. आणि रुजला नाही तर झाड होत नाही. बाळ म्हटलं की वहिनीवर गुन्हा येतो आणि पेशींचा गोळा म्हटलं की तिच्या दोन वर्षांच्या इंजेक्शनांचं काहीच मोल राहत नाही, अंकुर म्हटल्यावर दोन्ही होत नाही असं मला वाटते. आईला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "रुजला नाही अजून, पण आहे."

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने गोठवलेले एम्ब्रियो जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात, त्यातली चार गेली. फॉर्म अजून वहिनीच्या पर्समध्येच आहे, तिने फक्त समासात पेन्सिलने 'अंकुर' लिहून ठेवलंय.