आळस हे गरिबीचे कारण मानले की धोरणही तसेच घडते

रेशनच्या धान्यामुळे सातपुड्यातील माणसे आळशी झाली आहेत, म्हणून ते धान्य बंद करावे, हे मत मला मान्य नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगावकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात, तान्ही मुले बरोबर घेऊन. त्या कष्टाला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

अशी समजूत कायद्यात कशी उतरते, हे अमेरिकेत स्पष्ट दिसते. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातील वृद्धापकाळाच्या पेन्शनमधून व बेकारी विम्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय मजूर नेमके याच कामांत होते. पुढे 1976 च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन (जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी सरकारी मदत लुबाडणाऱ्या बाईची गोष्ट वारंवार सांगितली; तिच्यामुळे मदत घेणाऱ्या कृष्णवर्णीय आईविषयीचा संशय बळावला आणि 1996 च्या कायद्याने केंद्रीय निधीतील रोख मदतीवर आयुष्यभरात साधारणपणे पाच वर्षांची मर्यादा घातली.

आपल्याकडे तर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, आणि कागदपत्रे नसलेल्या त्याच कुटुंबांना रेशनकार्डासाठी खेटे घालावे लागतात. त्यामुळे धान्य बंद करावे का, यापेक्षा ऊसतोडीच्या महिन्यांत रोजगार हमीची कामे गावातच, वेळेवर मजुरी देऊन का निघत नाहीत, यावर आपण बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.