विषय: डॅलसला गेलेल्याचा न्यू जर्सीचा रिफंड

(एका सदस्येच्या विनंतीवरून नाव न देता पाठवतोय.)

नमस्कार मंडळी,
घटस्फोटाला तीन वर्षं झाली. ऑर्डर न्यू जर्सीच्या कोर्टाची. मुलाच्या खर्चाचे पैसे (चाइल्ड सपोर्ट) माजी नवरा थेट झेलने (Zelle, बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) पाठवायचा, हळूहळू बंद झाले. सुमारे 9,000 डॉलर थकलेत. ऑगस्टमध्ये तो डॅलसला गेला. स्टेटच्या रिफंडमधून वसुली होते म्हणतात, पण टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्सच नाही. मग संपलं का?

---

ताई, संपलं नाही, पण हातपाय हलवा. ऑगस्टपर्यंतच्या पगारावर न्यू जर्सीचा टॅक्स कापला गेलाय, त्यामुळे त्याला इथलं रिटर्न भरावंच लागेल. रिफंड निघालाच, तर तो थकबाकीकडे वळवता येतो. 1984 च्या केंद्रीय कायद्यापासून राज्यांना ही सोय ठेवावी लागते.

तुमची खरी अडचण झेल आहे. पैसे परस्पर आले म्हणजे कोर्टाच्या प्रोबेशन डिव्हिजनकडे (चाइल्ड सपोर्टची वसुली बघणारा विभाग) नोंदच नाही, आणि नोंद नाही तर टॅक्स खातं कापणार काय? चाइल्ड सपोर्टची केस तिथे उघडा. थकलेला आकडा कोर्टाकडून ठरवून घ्यावा लागू शकतो.

केंद्राचा रिफंड टेक्सासमध्ये राहूनही अडकतो. तुमच्यासारख्या केसमध्ये थकबाकी किमान 500 डॉलर हवी. त्याने पुन्हा लग्न केलं असेल आणि रिटर्न एकत्र असेल, तर नवी बायको फॉर्म 8379 भरून आपला हिस्सा मागू शकते. तो तिचा हक्कच आहे. म्हणून एकत्र रिटर्नचे पैसे सहा महिन्यांपर्यंत अडवून ठेवतात.

---

काकांच्या पत्राला जोड. मी टॅक्सची कामं करते. रिफंड म्हणजे जास्त कापला गेलेला टॅक्स. माणूस हुशार असेल तर डब्ल्यू-फोर (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) बदलतो आणि रिफंड शून्य! त्यावर विसंबू नका, पगारातूनच कापून घ्या. तशी ऑर्डर डॅलसच्या कंपनीलाही पाठवता येते. 2,500 डॉलरच्या वर थकलं की अमेरिकन पासपोर्ट अडवतात, पण त्याचा भारतीय असेल तर त्याला काडीचाही फरक पडत नाही.

---

काका, ताई, आभार. अर्ज भरायला घेतलाय. झेलच्या नोंदी काढताना दिसलं, एका महिन्यात त्याने दुप्पट पाठवले होते. तेही लिहायचं का?

---

हो, ते आधी लिहा. नाहीतर तोच दाखवेल.