गच्चीवर मोबाइल टॉवर, घरात मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई – माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला चार मजली जुन्या सोसायटीत राहतो. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवू द्यावा असा प्रस्ताव आलाय, पुढच्या रविवारी सभा आहे. भाड्यातून दुरुस्तीचं काम निघेल म्हणून बहुतेक सभासद राजी आहेत. त्यांचंही खरंच आहे. जिन्यातल्या बीमच्या सळ्या उघड्या पडल्यात आणि दर पावसाळ्यात वर्गणी भरून सगळे टेकीला आलेत.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. सासूबाईंच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ दोन वर्षांपूर्वी काढली. मेनिंजिओमा, ग्रेड १, म्हणजे कॅन्सर नाही. तरी वर्षाचा एमआरआय जवळ आला की त्यांचं जेवण तुटतं. अँटेना आपल्या पलंगाच्या बरोब्बर वर येणार हे कळल्यापासून त्या हॉलमध्ये अंथरूण घालून झोपतात. त्यात शेजारून 'टॉवरखाली घरोघरी गाठी' असा फॉरवर्ड आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली मोबाइलच्या लहरी '२बी' गटात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या, एवढं मी वाचलं. पण ते कानाला लावलेल्या फोनबद्दल की डोक्यावरच्या टॉवरबद्दल? सभेत विरोध करायचा तर नुसत्या भीतीवर करायचा नाही, आणि सासूबाईंना खोटा धीरही द्यायचा नाही. जाणकारांनी कृपया सांगावं. लहरी मोजून घेता येतात का?

प्रतिसाद १

ताई, त्या वर्गीकरणाचा मुख्य आधार फोन डोक्याला लावून बोलणाऱ्यांचे अभ्यास होता, आणि पुरावा 'मर्यादित' असंच तिथे म्हटलंय. मोबाइल आणि मेंदूच्या गाठींवरच्या १३ देशांच्या इंटरफोन अभ्यासात (२०१०) एकंदरीत धोका वाढलेला दिसला नाही. सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमाचं (मेंदूतच होणाऱ्या एका प्रकारच्या गाठीचं) प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, पण लोकांच्या आठवणीवर बेतलेल्या आकड्यांत चूक असू शकते हे संशोधकांनीच लिहिलं. २०२४ साली आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापराचा ग्लायोमाशी किंवा मेनिंजिओमाशी संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापर असणाऱ्यांतही नाही. मेनिंजिओमाचं पक्कं ठाऊक असलेलं बाहेरचं कारण म्हणजे डोक्याला मिळालेलं रेडिएशन, जसं रेडिओथेरपीचं. ते डीएनए तोडू शकतं, मोबाइलच्या लहरींत तेवढी ऊर्जाच नसते.

पलंगाचं म्हणाल तर अँटेनाचा झोत टॉर्चसारखा समोर, किंचित खाली जातो. बरोब्बर खाली फार कमी पोचतं, त्यात मध्ये स्लॅब. त्यामुळे अँटेनाच्या पॅनेलची तोंडं कुठे आहेत आणि समोर तेवढ्याच उंचीवर कुणाच्या खिडक्या आहेत, हे सभेत जरूर विचारा. रेंज कमी असली की हातातला फोनच जास्त ताकदीने लहरी सोडतो, हेही सासूबाईंना सांगा. त्यांच्या न्यूरोसर्जनशी एकदा स्पष्ट बोला. फॉरवर्डपेक्षा डॉक्टरांच्या शब्दाने सासूबाईंना झोप लागेल.

प्रतिसाद २

मोजणी होते. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर ४००० रुपये भरून अर्ज करता येतो. टॉवरच्या लहरींची आपल्याकडची मर्यादा सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली. टॉवर आलाच तर चालू झाल्यावर मोजणी करून अहवाल सूचना फलकावर लावायचा, असं ठरावातच लिहून घ्या.

पण खरं सांगू? मला लहरींपेक्षा त्या उघड्या सळ्यांची धास्ती वाटली. टॉवर म्हणजे लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या, कधी जनरेटर, वर वाऱ्याचा जोर. बीम अशा अवस्थेत असताना एवढा बोजा वर चढवणं मला अजिबात पटत नाही. इमारत ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, तसंही बंधनकारक आहे. ते आधी, करार नंतर.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, 'मग समोरच्या बिल्डिंगीतल्या लहान मुलांचं काय?' तेव्हा पॅनेलच्या दिशेचा नकाशा मी लेखी मागणार आहे. इमारत १९८८ सालची आहे, ऑडिट झाल्याचं कुणालाच आठवत नाही. रविवारी ठराव तहकूब करून आधी ऑडिट करा असं पत्र सेक्रेटरींना द्यायचंय. असं पत्र कुणी दिलं असेल तर मसुदा इथे टाकाल का?