चेनमेल, रिंग मेल, प्लेट मेल... खरंच एवढे प्रकार होते का?

रात्रपाळी: गेममध्ये रिंग मेल, चेनमेल, बँडेड मेल, प्लेट मेल अशी ढीगभर चिलखतं मिळतात आणि प्रत्येकाचे पॉइंट वेगळे. मध्ययुगीन युरोपात खरंच असं होतं का? आणि हॉबर्क म्हणजे नक्की काय? चिलखतावर तलवारीचा वार चालतच नाही म्हणतात ते पण सांगा.

जुनापुराणा: छे हो. तेव्हा कड्यांच्या चिलखताला नुसतं 'मेल' म्हणायचे, मागे 'चेन' चिकटलं ते 18व्या शतकाच्या शेवटाकडे. बाकीची नावं बरीचशी 19व्या शतकातल्या सॅम्युअल मेरिकसारख्या संग्राहकांची कृपा. जुन्या चित्रांत कुणी कड्या म्हणून नुसते गोल काढलेत, कुणी जाळी, कुणी आडवे पट्टे, आणि यांना वाटलं प्रत्येक चित्र म्हणजे वेगळं चिलखत! अहो चित्रकाराला हजारो कड्या काढायचा कंटाळा, दुसरं काय. 1066च्या हेस्टिंग्जच्या लढाईची चित्रं भरतकामात काढलेला तो लांबलचक कापडी पट्टा, बायो टेपेस्ट्री बघा, अंगभर गोल गोल टाके, पण ते मेलच आहे. प्लेट मेल हे नावही असंच चुकीचं, पत्र्याचं असेल तर नुसतं प्लेट.
हॉबर्क म्हणजे मेलचा, बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा अंगरखा, आखूड असला की हॉबर्जन. डोक्याला मेलचीच टोपी, ती कॉइफ.

पक्कडवाला: कड्यांचं पण ऐका. एक कडी चार कड्यांत ओवलेली, तारेची टोकं एकावर एक ठेवून चेपायची, भोक पाडायचं आणि बारीक रिव्हेट ठोकायचा. आता स्वस्तात मिळतं त्यात टोकाला टोक नुसतं भिडवलेलं असतं, भाल्याचा दणका बसला की कडी उघडलीच. वजन साधारण 10-15 किलो, पण कमरेला पट्टा आवळला की खांद्यावरचं बरंच ओझं उतरतं.

जुनापुराणा: आणि तलवारीने कापलं जात नाही हे खरं, पण मार आत पोचतोच, हाड मोडू शकतं. म्हणून खाली जाड शिवलेला कापडी डगला, गॅम्बेसन. 1191 मध्ये पॅलेस्टाईनमधल्या आर्सुफकडे निघालेल्या क्रूसेडर (धर्मयुद्धाला आलेल्या युरोपीय) पायदळाबद्दल त्यांच्याशी लढणाऱ्या सुलतान सलाहुद्दीनच्या पदरचा इतिहासकार बहाउद्दीन लिहितो की नमदा आणि मेल घातलेले हे लोक अंगात बाण रुतलेले असतानाही रांग न मोडता चालत होते.

रात्रपाळी: भारी! मग एवढ्या कड्या गंजल्या की घासायच्या कशा?

पक्कडवाला: घासत कोण बसतंय, पिंपात वाळू भरायची, चिलखत आत टाकायचं आणि पिंप गडगडवायचं.