प्रत्येक पानावर 'एफएनयूकेएडी' लिहिलेलं आहे, हे काय प्रकरण आहे?

पाचपाखाडी_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. ठाण्यात पाचपाखाडीला आमची सोसायटी आहे, दोन विंग, २८ घरं. गेल्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदासाठी कुणी हात वर करेना, सगळे चहाच्या थर्मासकडे बघत होते. मी "बरं, बघते" म्हणाले आणि अडकले.

आता इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यातून स्टिल्टमधल्या (इमारतीखाली खांबांमधल्या) पार्किंगचं जुनं भांडण वर आलंय. चार जण म्हणतात जागा आम्हाला कायमची दिली. बाकीचे म्हणतात तसा ठरावच नाही. ठराव २००६ च्या आसपासचा असावा. छापील इतिवृत्तं होती, पण २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे गेले, आणि त्यानंतरच्या फाइलींना वाळवी लागली.

उरला एक पेनड्राइव्ह. आमचे जुने सेक्रेटरी काका २००१ ते २०११ सगळं कॉम्प्युटरवर टाइप करायचे. त्यात वर्डच्या ६१ फाइली आहेत. माझ्या विंडोज ११ वर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत्येक पानाच्या वर उजवीकडे एकच शब्द, एफ-एन-यू-के-ए-डी. मी 'फ्नुकाड' असं वाचते आहे. गावाच्या जागी बी-के, मग टिंब, मग के-एस.

स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवलं. मुलाने ५०० रुपये घेतले, सगळ्या फाइली सिलेक्ट करून एरियल फॉन्ट लावून परत दिल्या आणि म्हणाला, "मॅडम, फाइल करप्ट आहे, परत टाइप करावं लागेल, पानाला चाळीस रुपये." मी घरी एका फाइलीला मंगल फॉन्ट लावून बघितला. काही फरक नाही.

खरंच करप्ट आहेत का? परत टाइप करायचं म्हटलं तरी कशावरून करणार?

विंडोज_वाला

फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाका, सुटेल.

कळपट्टी_कोपरखैरणे

ताई, काही फॉरमॅट मारू नका. फाइल ठणठणीत आहे. एफएनयूकेएडी म्हणजे 'दिनांक'! वाचून हसूच आलं, कारण मी हा शब्द हजारो वेळा असाच बडवलाय. १९९८ साली वाशीला मराठी टायपिंगची तीसची परीक्षा दिली, नंतर नोकरीत कृतिदेव फॉन्टवर दहा वर्षं काढली. तुमचं बीके-टिंब-केएस म्हणजे 'ठाणे'. बी म्हणजे ठ, के म्हणजे काना, टिंब म्हणजे अर्धा ण, त्याला पुढचा के जोडला की पूर्ण ण, आणि एस म्हणजे मात्रा.

जुन्या फॉन्टांची गंमत अशी की फाइलीत मराठी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. एन दाबला की फाइलीत एनच जातो, कृतिदेव त्या जागी द चं चित्र काढतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. मंगल लावून उपयोग नाही तो याचसाठी. मंगल युनिकोडचा फॉन्ट आहे, त्याच्याकडे एन हा एनच. युनिकोडमध्ये द ला स्वतःचा क्रमांक आहे, कुठलाही युनिकोड फॉन्ट लावा, द तो द राहतो.

दुकानदाराने एरियल लावलेल्या प्रती बाजूला ठेवा, त्या कामाच्या नाहीत, कारण मूळ फॉन्टचं नाव त्यातून पुसलं गेलंय. पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइली अजून आहेत ना? त्यातली एक उघडून ओळीवर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते सांगा. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड नाव दाखवतो.

पाचपाखाडी_सेक्रेटरी

मूळ आहेत! दुकानाच्या मुलाने सुदैवाने वेगळ्या फोल्डरात सेव्ह केलं होतं. (पाचशे रुपयांचं दुःख थोडं कमी झालं.) चौकटीत 'कृतिदेव ०१०' येतंय. मधेमधे फ्लॅट नंबर आहेत तिथे एरियल.

आता हा फॉन्ट कुठून घ्यायचा? शोधल्यावर डाउनलोडची बटणं दिसतायत, पण एकेका पानावर पाच-पाच हिरवी बटणं, कुठलं खरं कळत नाही.

कळपट्टी_कोपरखैरणे

०१० म्हटल्यावर निम्मं काम झालं. क्रमांक जपून ठेवा, कृतिदेव ०५५ वगैरे भाऊबंद आहेत आणि सगळ्यांचे तक्ते (कुठल्या कळीला कुठलं अक्षर) एकच असतील असं धरून चालू नका. श्रीलिपी, शिवाजी, सुरेख ही तर पूर्ण वेगळी घराणी. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की जे निघतं ते ना मराठी ना इंग्रजी.

हिरव्या बटणांच्या नादी लागू नका. काकांचा कॉम्प्युटर कुठाय?

पाचपाखाडी_सेक्रेटरी

मीटर रूममध्ये, पाण्याच्या पंपाच्या जुन्या मोटरीशेजारी. चालू होत नाही. बटण दाबलं की टक् आवाज, मग शांतता. भंगारवाल्याला द्यायचा ठराव या महिन्यात आणणार होते.

नेरूळ_हार्डवेअर

ठराव मागे घ्या 🙂 टक् आवाज म्हणजे बहुतेक एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) गेलंय. हार्डडिस्क चांगली असू शकते. डबा उघडून डिस्क काढा, चार स्क्रू असतात. मागे पाहा, ४० पिनांची रुंद पट्टी असेल तर जुनी जोडणी, आयडीई, एल आकाराची बारीक खाच असेल तर नवी, साटा. त्या काळातली बहुतेक आयडीई निघेल. दोन्हीला चालणारा यूएसबी अ‍ॅडॅप्टर मिळतो. घेताना एक गोष्ट बघा, सोबत १२ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा हवाच. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही, आणि मग लोक म्हणतात डिस्क मेली.

जोडल्यावर विंडोज म्हणेल "स्कॅन अँड फिक्स करू का", नाही म्हणा. आधी सगळं कॉपी करून घ्या. फॉन्ट त्या जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात असतील. परवानगी नाही म्हणाला तर 'कंटिन्यू' दाबा.

पाचपाखाडी_सेक्रेटरी

रविवारचा अहवाल.

मुलगा आणि मी मीटर रूममध्ये बसलो. डब्यात आत पालीची अंडी आणि कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षता (कशा आल्या देव जाणे). डिस्क आयडीईच निघाली. अ‍ॅडॅप्टर समोरच्या विंगमधल्या मुलाकडून उसना मिळाला. लावल्यावर डिस्क पिठाच्या गिरणीसारखी घुरघुरली, मी देवाचं नाव घेतलं, आणि फोल्डर दिसायला लागले. फॉन्ट मिळाला. वर पेनड्राइव्हवर नसलेल्या २००३-०४ च्या नऊ फाइलीसुद्धा मिळाल्या.

फॉन्टवर राइट क्लिक, इन्स्टॉल. वर्ड बंद करून परत उघडलं. आणि 'फ्नुकाड' च्या जागी दिनांक! मी एवढ्याने ओरडले की सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

पण आता पुढचा प्रश्न. ७० फाइली आहेत. 'पार्किंग' म्हणून शोधलं तर एकही सापडत नाही, समोर शब्द दिसत असूनसुद्धा. पीडीएफ करून कमिटीच्या ग्रुपवर टाकली, सगळ्यांना वाचता येते, पण त्यातही शोधता येत नाही.

कळपट्टी_कोपरखैरणे

बरोबर आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो म्हणून सगळ्यांना दिसतं, पण खाली अजून इंग्रजी अक्षरंच आहेत. तुम्ही खरं 'पार्किंग' शोधताय, फाइलीत ते नाहीच. शोधायचं तर युनिकोड करावं लागेल. कन्व्हर्टरची पानं नेटवर पुष्कळ आहेत, पण सगळी सारखी नाहीत, आणि ते का ते समजून घ्या म्हणजे चुका पकडता येतील.

काकांनी कागदावर जसं दिसतं त्या क्रमाने टाइप केलंय. 'दिनांक' मध्ये पहिली वेलांटी द च्या डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटीची कळ, मग द. युनिकोडमध्ये आधी द, मागून वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं. 'कार्यालय' टाइप करताना य, काना आणि मग डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये रफार म्हणजे र् आणि तो य च्या आधी. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून चालत नाही, वेलांटी एक घर मागे आणि रफार दोन घरं पुढे न्यावा लागतो. आळशी कन्व्हर्टर रफार जागचा हलवतच नाही, आणि मग जन्माला येतं 'कायार्लय'. सरकारी पत्रांत हे पाहिलं असेलच.

तेव्हा आधी एक ओळ घालून परीक्षा घ्या, ज्यात कार्यालय, सर्वानुमते, निर्णय हे शब्द आहेत. पास झाला तरच पुढे.

दुसरं, इतिवृत्तात सभासदांची नावं आणि थकबाकी असणार. पान उघडल्यावर वायफाय बंद करा, मग मजकूर चिकटवून बटण दाबा. काम झालं तर रूपांतर तुमच्याच मशीनवर होतंय. नाही झालं तर तो मजकूर कुठेतरी जातोय, ते पान सोडा.

आणि मूळ फाइलीला हात लावू नका. विशेषतः कृतिदेवमधल्या फाइलीत दुरुस्ती करायला जाऊ नका. वर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं, आणि कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क्.

पाचपाखाडी_सेक्रेटरी

तीन पानं बघितली. पहिल्याने 'सवार्नुमते' दिलं, नापास. दुसरं वायफायशिवाय चालेना. तिसरं पास. रोज रात्री जेवणं झाल्यावर दहा-दहा फाइली करतेय.

पण एक विचित्र झालंय. बी विंगच्या सगळ्या घरांना ठ लागलंय. बी-७ चं झालं ठ, टिंब, ७. आणि ए विंगच्या प्रत्येक घराच्या आधी उभी रेघ. म्हणजे ए विंगला सरसकट दंड!

कळपट्टी_कोपरखैरणे

😄 फ्लॅट नंबर एरियलमध्ये खरे इंग्रजी होते. चिकटवताना फॉन्ट गळून पडतो, कन्व्हर्टरला सगळं कृतिदेवच वाटतं. कृतिदेवमध्ये कॅपिटल बी ठ, कॅपिटल ए पूर्णविरामाचा दंड, आणि आडवी रेघ म्हणजे टिंब. त्यामुळे आकड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. एरियलमध्ये २००४-०५ असेल तर त्याचं २००४.०५ झालेलं असणार. हिशेबात असं आलं की ऑडिटर घाम फोडेल.

उपाय असा. मूळ फाइलीची प्रत करा, वर्डच्या फाइंडमध्ये शोधायची चौकट रिकामी ठेवा, 'मोअर', 'फॉरमॅट', 'फॉन्ट' मध्ये जाऊन एरियल निवडा. 'फाइंड इन' मधून मुख्य मजकूर निवडला की सगळे इंग्रजी तुकडे एकदम सिलेक्ट होतात. त्यांना पिवळा रंग द्या, प्रिंट काढा, शेजारी ठेवून हाताने दुरुस्त करा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

अजून एक सापडेल, 'करणा-या', 'दुस-या'. तो अर्धा र काढायचा म्हणून आपण सगळे आडवी रेघ मारायचो. फाइंडमध्ये '-या', बदली 'ऱ्या', पण 'रिप्लेस ऑल' दाबू नका, एकेक बघत जा. पुढे स्वतः टाइप करताना विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून इनस्क्रिप्ट कीबोर्ड घेतलात तर शिफ्ट-जे ला हा ऱ आहे.

पाचपाखाडी_सेक्रेटरी

सापडला!

काल रात्री पावणेबाराला. 'पार्किंग' शोधल्यावर १४ ठिकाणी आलं, बारावं तेच. सप्टेंबर २००६ ची सर्वसाधारण सभा, ठराव क्रमांक ७. "स्टिल्टमधील चार जागा तात्पुरत्या स्वरूपात देण्यात येत असून दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे." सर्वानुमते मंजूर, रफार जागच्या जागी.

खात्रीसाठी काकांना पुण्याला फोन केला. त्यांना तारीख आठवत नव्हती, पण "अगं, चिठ्ठ्या टाकायला स्टीलचा डबा आणला होता, तो तुमच्याच घरचा" म्हणाले. मग विचारलं, "कृतिदेव चालतोय ना अजून? मी त्यावर पंचेचाळीसच्या स्पीडने जायचो."

आता कमिटीला पाठवायच्या आधी एकदा तुम्हाला विचारते, ठरावाखालची ओळ मी बरोबर वाचली ना? मूळ फाइल, कृतिदेवमध्ये, तीनदा बघितली. सूचक, बी-३. अनुमोदक, बी-७.

बी-७ म्हणजे आम्ही. अनुमोदन माझ्या सासऱ्यांचं आहे. आणि त्या चारपैकी एका जागेवर अठरा वर्षं गाडी आमचीच उभी आहे.

नेरूळ_हार्डवेअर

प्रिंट काढा ताई, पण आधी गाडी काढा.