दोरावरील पिसासारखे झुपके: शेवाळ की प्राणी?

प्रश्न: नमस्कार. अमावास्येच्या उधाणात, ओहोटी पुरती लागल्यावर, मालवणच्या धक्क्याजवळ एका होडीचा जुना दोर वर ओढला, तेव्हा त्यावर वीतभर उंचीचे, पिसासारखे झुपके दिसले. देठ काळपट तपकिरी आणि तारेसारखा चिवट, तर फांद्या दोन्ही बाजूंना एकाआड एक फुटलेल्या. सोडवताना मनगट चरचरले आणि बारीक पुरळ उठले. होडीवाले काका याला शेवाळच म्हणतात. पण शेवाळाने अंगाची आग कशी होईल?

उत्तर: ही वनस्पती नसून हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातल्या प्राण्यांची वसाहत असावी. तिच्या स्पर्शिकांमध्ये दंशपेशी असतात, त्यामुळेच आपले मनगट चरचरले. ओळख पाण्याबाहेर पटणार नाही, कारण तिथे सारे मिटून लोळागोळा होते. लहानसा तुकडा पांढऱ्या वाटीत, समुद्राच्याच पाण्यात, सावलीत स्थिर ठेवा आणि भिंगातून पाहा. पॉलिपभोवती, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या प्राण्याभोवती, पेल्यासारखे कवच आहे का, हे आधी तपासावे. फांदीच्या एकाच बाजूला पेल्यांची ओळ असेल तर तो अ‍ॅग्लाओफेनियाच्या कुळातला. पेले नसून उघडे पॉलिप असतील तर पेनारिया. चुरचुरीत, चुनखडीसारख्या खणांची वसाहत असेल तर तो ब्रायोझोआ, अगदी वेगळ्याच संघातला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अर्ध्या तासाने वाटीत फांद्यांच्या वरच्या बाजूने पांढरट, किंचित गुलाबी पॉलिप ओळीने उमलले. पेले कुठेच नाहीत. प्रत्येक पॉलिपच्या तळाशी लांब, बारीक स्पर्शिकांचे कडे असून वर तोंडाकडे टाचणीच्या डोक्यासारख्या गोल टोकांच्या आखूड स्पर्शिका आहेत.

उत्तर: मग शंका उरत नाही, ही पेनारिया डिस्टिका. दोन प्रकारच्या स्पर्शिका हीच तिची खूण. उष्ण समुद्रांत ती सर्वदूर आढळते. तिला चिकटायला टणक आधार लागतो, आणि भक्ष्य असलेले सूक्ष्म जीव प्रवाहाने आणून द्यावे लागतात. म्हणून पुळणीच्या वाळूत ती रुजत नाही, पण दोर, धक्क्याचे खांब, होडीचा तळ आणि खडपातल्या सतत पाण्याखाली राहणाऱ्या कपारी तिला मानवतात. तिच्या झुपक्यांवर मातकटपणा दिसला, तर तो बहुधा तिच्यावर वाढलेल्या डायटमांचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवालांचा, आणि गाळाचा असतो. एक विनंती: मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा त्याच्या हद्दीतल्या खडपावरची वसाहत उपटू नये, जागेवरच छायाचित्र घ्यावे. दोर हाताळताना हातमोजे वापरावेत.